एक्केचाळीस घरांवरचा मोर

कारंजं पाहून कोकिळाने टाळी वाजवली, आणि मग तिला दिसलं की ते आपल्या घरावरच काढलंय.

त्याचं असं झालं. खैरघाटची जिन-प्रेस बंद पडून तीन वर्षं होत आली होती. वेणा नदीच्या काठची केवढी तरी जागा! सरकी काढायच्या शेडी, रुई दाबायची प्रेस, गोदामं, गाठी रचायचं मैदान, सगळं पार नाल्यापर्यंत भकास पडलेलं. बकऱ्या चरायच्या तिथे. आता त्या जागेवर नवं खैरघाट बसवायचं गावच्या म्युनिसिपल कमेटीने मनावर घेतलं होतं. नागपूरहून योजनेचे साहेब आले, त्यांनी निळ्या कागदावर पलंगपोसाएवढा नकाशा काढला आणि तो कमेटीच्या कचेरीत भिंतीला ठोकला. वर दवंडीही पिटवली, की नकाशा लोकांचा आहे, लोकांनी यावं, बघावं, तीस दिवसांच्या आत हरकती द्याव्या, सूचना द्याव्या. नकाशाखाली एक जाड वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. मोटार स्टँड कुठे, बाजार कुठे, दवाखाना कुठे, ज्याला जे सुचेल ते त्याने लिहावं. असं खैरघाटात आजवर कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

दवंडीवाला पेठेत फिरला, तेलीपुऱ्यात फिरला, नाल्यापर्यंत आला आणि मागे वळला. नाल्यापलीकडची वस्ती त्याच्या वाटेवर कधी नव्हतीच. नकाशा मात्र नाला ओलांडून गेला होता.

म्हणून मग बाविसाव्या दिवशी मास्तर नववीचा वर्ग घेऊन नकाशा दाखवायला गेले, तेव्हा त्या वस्तीतून कचेरीची पायरी चढलेलं पहिलं माणूस म्हणजे पंधरा वर्षांची कोकिळा लहानूजी थूल. आणि ती तर तेव्हा हवेतच होती! जानेवारीच्या संमेलनात तिने भाषण केलं होतं. तोंड उघडल्यावर असं काही सुरू झालं की मास्तरांना घंटा वाजवून थांबवावं लागलं. तेव्हापासून तिला एक गोष्ट पक्की कळली होती: बोललं की होतं. दसऱ्याला नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून वस्तीत सगळ्यांचीच मान थोडी वर झाली होती, पण कोकिळाची तर बोटभर जास्तच.

तर ती नकाशासमोर गेली, हिरव्या रंगाचा एक अंडाकृती बगीचा पाहिला, मधोमध 'कारंजे' लिहिलेलं वाचलं आणि टाळी वाजवली. नुसती वाजवून थांबली असती तर बरं होतं. तिने पेन्सिल उचलली आणि वहीत वळणदार अक्षरात लिहिलं, 'कारंजे फार उंच असावे, म्हणजे स्टेशनावरून दिसेल.' खाली नाव, इयत्ता. तिचं पाहून साऱ्या वर्गाने तेच लिहिलं. मग ती आपलं घर शोधायला लागली. बोट ठेवलं प्रेसच्या फाटकावर. फाटकातून बॉयलर, बॉयलरवरून गोदाम, गोदामामागे नाला, नाला ओलांडला की वस्तीतल्या नत्थूजींचा कडुनिंब, त्याला लागून आपलं घर. बोट कारंज्यावर येऊन थांबलं. तिने पुन्हा फाटकापासून सुरू केलं. पुन्हा तिथेच.

कमेटीचे कारकून बबनराव बाजूला बसून सुपारी कातरत होते.

"बाबूजी, आमची वस्ती कुठं हाये यात?"

"कोणती वस्ती?"

"प्रेसच्या मांगची. एक्केचाळीस घरं हायेत जी. विहीर हाये."

"नकाशात नाई म्हंजे नसंल."

"नसंल कशी? मी तिथूनच तर आली!"

वर्ग खदखदून हसला. बबनरावांना हसू आलं नाही. "हे पाय पोरी, ज्या घराले नंबर, ते घर. बिननंबरी ते झोपडं. अन् झोपडं म्हंजे मोकळी जागा. सर्वेत तसंच धरते."

"मतदार यादीत आमची नावं हायेत न. बाबानं यंदा मत देल्लं."

"यादीत माणसं हायेत. घरं कुठं हायेत?"

दोन वर्षांपूर्वी घरांवर नंबर रंगवणारा माणूस गावभर फिरला होता. तोही दवंडीवाल्यासारखा नाल्यापाशी आला आणि वळला.

"हरकत द्याची तर फॉर्म हाये," बबनराव म्हणाले. "फॉर्मावर घर नंबर लागते. आठ दिवस रायले. तिसाव्या दिवशी सुनावणी, मंग नकाशा जाते नागपूरले. तिथं शाई फिरली का खतम."

"मंग नंबर द्या न आमाले!"

"टाका न तुमीच," बबनराव सुपारी तोंडात टाकत म्हणाले. "हात धरला का कोणी?"

ते थट्टेत बोलले होते. कोकिळाने तो हुकूम समजून घेतला आणि पळत सुटली.

*

लहानूजी, म्हणजे कोकिळाचा बाप, प्रेसमध्ये बावीस वर्षं मार्का मारायचा. रुईची गाठ दाबून, तरटात गुंडाळून, लोखंडी पट्ट्या आवळून बाहेर आली की तिच्या कुशीवर कोरीव पत्रा धरायचा आणि काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा. वर पिसारा फुलवलेला मोर, तो प्रेसचा मार्का. खाली गाठीचा आकडा. प्रेस बंद पडल्यावर सगळ्यांनी काही ना काही उचलून नेलं. लहानूजीने ते पत्रे आणि रंगाचा अर्धा डबा आणला होता. रोज रोजीच्या कामाला जाई, आणि महिन्यातून एकदा पत्र्यांना तेल लावून ठेवी.

कोकिळाने दारातूनच ओरडून सगळं सांगितलं. तिची माय तानाबाई चुलीपुढून उठली. पिठाचे हात तसेच.

"आपल्या चुलीवर कारंजं?" ती म्हणाली. "कायचं डोंबलाचं कारंजं वं?"

वस्तीचे म्हातारे पंच नत्थूजी आले. बाकीचे आले. नत्थूजींच्या बापाने ती विहीर खोदली होती, गावच्या विहिरीवर हात लावू देत नव्हते तेव्हा. ती प्रेसच्याही आधीची. आता कुठे जायचं? आणि कोणी सांगितलं होतं का? कोणी विचारलं होतं का?

"विचारलं न आबाजी," कोकिळा नत्थूजींना म्हणाली. "भिंतीवर लावून विचारलं. आपल्यालेच ठाऊक नव्हतं. अजून आठ दिवस हायेत. बाबा, पत्रे काढा. आपणच नंबर मारू!"

लहानूजीने पत्रे काढले. डबा रॉकेल टाकून ढवळला. पण आकड्यांचा पत्रा भिंतीला लावताना त्याचा हात थबकला. त्याने तो खाली ठेवला आणि मोराचा पत्रा उचलला.

"बाबा, मोर कायले? नंबरच पाह्यजे न."

"पोरी, म्या बावीस साल नुसता आकडा कधी मारला नाई. मार्क्याबिगर आकडा म्हंजे बेवारस गाठ. स्टेशनवर मालबाबू अशी गाठ पायानं लोटून देते. मोर असला का कोणाची बिशाद नाई."

कोकिळाला पटलं. नुसतं पटलं नाही, तो मोर तिला भारी आवडला! पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर काळाभोर मोर आणि खाली ठसठशीत '१'. एवढं देखणं घर पेठेतही नव्हतं. वस्तीच्या अंगात वारं शिरलं. नत्थूजींना सतरा नंबर पाहिजे, कारण प्रेसमध्ये हजेरीच्या पितळी बिल्ल्यावर त्यांचा सतराच होता. कवडूची बायको म्हणाली, आमच्या मोराचं तोंड शेजारणीकडे नको करू लहानूदादा, ती आधीच टोमणे मारते. तानाबाई म्हणाली, मार्का मारनाऱ्याच्या घरी एक नंबर नाई तर कोणाच्या? दिवसभरात एक्केचाळीस मोर नाचायला लागले. कोकिळाने एक्केचाळीस फॉर्म भरले, एक्केचाळीस अंगठे घेतले, आणि तेविसाव्या दिवशी गठ्ठा बबनरावांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"अरे!" बबनराव म्हणाले. "टाकले का खरंच नंबर?"

"हो जी. तुमीच म्हटलं न."

ती नाचत घरी आली. पाच दिवस ती जमिनीवर नव्हती.

*

अठ्ठाविसाव्या दिवशी सर्वेचा माणूस नंबर तपासायला आला. त्याच्यासोबत डोमाजी होते. डोमाजी प्रेसचे जुने मुनीम, आता मालकाच्या वतीने राखण करायचे आणि प्रेसची जागा योजनेला देण्याचे कागद त्यांच्याच हातून चालले होते. नाला ओलांडताना त्यांनी धोतर दोन्ही हातांनी उचलून धरलं होतं. वर आले, पहिल्या घरासमोर उभे राहिले, आणि हातातलं धोतर सुटलं.

"बाप रे," ते म्हणाले. "हे तर आमचे क्वार्टर!"

"तुमचे?" सर्वेवाला म्हणाला.

"मार्का पाहा न! मोर. कंपनीच्या हर वस्तूवर मोर राह्यते. वजनकाट्यावर, बॉयलरवर, गोदामाच्या दारावर. मजूर लोकांले राहाले देल्ले असतीन मालकानं, माह्या ध्यानातून गेलतं."

"खोटं हाये!" कोकिळा ओरडली. "मोर आमी मारला! मांगच्या हप्त्यात मारला! हात लावून पाहा, रंग अजून चिकट हाये."

"जुनाच मोर नवा केला असंल," डोमाजी शांतपणे म्हणाले. "चांगलं केलं. खूण तरी रायली."

सर्वेवाल्याने लिहून घेतलं. संध्याकाळी बबनरावांनी फॉर्मांचा गठ्ठा परत पाठवला. प्रत्येकावर एकच ओळ: 'घरे कंपनीची. मालकाची योजनेस संमती आहे. राहणाऱ्याची हरकत चालत नाही.'

कोकिळाने ती ओळ एक्केचाळीस वेळा वाचली, कारण प्रत्येक घरात जाऊन तिलाच वाचून दाखवावी लागली. पाचव्या घरापर्यंत आवाज होता. विसाव्या घरात तो गेला. कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कवडूची बायको फक्त म्हणाली, "हप्त्याआधी आमी कोणाचेच नव्हतो वं कोकिळे. आता त्यायचे झालो."

नंबर मारले नसते तर निदान नत्थूजी म्हणू शकले असते की घरं आमची. आता भिंतच बोलत होती, आणि भिंत डोमाजीच्या बाजूने बोलत होती. कोकिळा विहिरीच्या काठावर बसली. संमेलनातल्या त्या टाळ्या आठवल्या आणि आपल्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

घरी आली तर माय शेणाचा गोळा घेऊन मोर लिंपायला निघाली होती.

"तानाबाई, थांब," नत्थूजींनी हाक मारली. "सर्वेवाल्यानं लिहून नेलं. आता पुसला तर म्हणतीन, चोरी लपवली."

"मंग काय करू जी? रोज पाहू त्याच्या तोंडाकडं?"

"दोन दिवस पाहू. सुनावणीत कोणालेबी बोलता येते."

लहानूजी बाजेवर बसून होता. पत्रे पायाशी. दोन दिवस तो कामाला गेला नाही, जेवलाही नाही धड. कोकिळा जवळ जाऊन बसली तरी त्याने वर पाहिलं नाही. एकदाच बोलला, तेही स्वतःशी. "चूक पोरीची नाई. तिनं आकडा मांगतला होता."

*

सुनावणी शाळेच्या हॉलात होती. जिथे कोकिळाने भाषण केलं तिथेच. मंचावर साहेब, भिंतीला नकाशा, एका बाजूला बबनराव, दुसऱ्या बाजूला डोमाजी. पुढे कापसाचे व्यापारी, नव्या बाजारात दुकान कोणत्या बाजूला येतं ते पाहायला आलेले. त्यांच्या मागे गाव. वस्तीचे लोक दाराजवळ उभे.

साहेब माणूस वाईट नव्हता. कोणाचंही ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा, लिहून घ्यायचा. मोटार स्टँड नदीकडे नको, चिखल होतो, हे त्याने ऐकलं. दवाखाना बाजाराजवळ नको, हेही ऐकलं. मग बबनरावांनी वस्तीचं नाव घेतलं.

कोकिळा पुढे गेली. तिने रात्रंदिवस घोकून भाषण तयार केलं होतं. "अध्यक्ष महाराज आणि माझ्या बंधुभगिनींनो! ज्याप्रमाणे पक्ष्यांना घरटे असते..."

पुढल्या रांगेत कोणीतरी हसलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बाळ, ही सुनावणी आहे. मुद्द्याचं सांग. घरं कंपनीची आहेत की नाहीत?"

"नाहीत."

"मग त्यांच्यावर कंपनीचा मार्का कसा?"

आता सांगितलं तर आपणच मारला हे कबूल करायचं, आणि ते तर डोमाजींना सांगून झालं होतं, कोणी मानलं नव्हतं. कोकिळाचं तोंड उघडं राहिलं. मागे एक्केचाळीस घरं उभी होती. तिला त्यांचे श्वास ऐकू येत होते.

"मार्का म्या मारला जी."

आवाज दारातून आला. लहानूजी. आजवर तो कोणा साहेबासमोर बोलला नव्हता. टोपी हातात धरून तो पुढे येत होता, आणि चालताना बाकांना अडखळत होता.

"तुम्ही कोण?"

"प्रेसचा मार्कावाला. बावीस साल."

"पाहा साहेब!" डोमाजी म्हणाले. "कंपनीच्या माणसानं, कंपनीच्या पत्र्यानं मारला. आता काय रायलं?"

"मुनीमजी," लहानूजी त्यांच्याकडे वळला. "एक विचारू का? प्रेसमंदी कापूस कोणाचा दाबला जाये?"

"येईल त्याचा. व्यापाऱ्यायचा."

"अण्णाजी शेटचा दाबला का आपण?"

"दाबला न. पुष्कळ."

"त्या गाठीवर मी मोर मारत होतो का नाई?"

पुढल्या रांगेतले जाडजूड अण्णाजी शेट बाकावरून सावरून बसले.

"मारत होता," डोमाजी म्हणाले.

"मंग तो कापूस कंपनीचा झाला का जी?"

डोमाजींनी घाम पुसला. 'झाला' म्हणायला त्यांची जीभ वळेना, कारण समोर सात व्यापारी बसले होते. पण 'नाई'ही ते म्हणेनात.

"बोला न डोमाजी," अण्णाजी शेट म्हणाले. "माह्या पाच हजार गाठी मोर घेऊन मुंबईले गेल्या. त्या का तुमच्या होत्या? सांगा, म्हंजे मी पायतो मंग."

"तसं नाई शेटजी..."

"मंग कसं?"

हशा पिकला. लहानूजी हसला नाही. तो साहेबांना सांगत होता, हळूहळू, जसं नव्या हाताला काम शिकवावं तसं. "साहेब, मोर म्हंजे मालक नोहे. मोर म्हंजे कोण्या प्रेसनं दाबली, एवढंच. पुढं गाठीत गोटा निघाला, माती निघाली, तर कोणाले धराचं, त्याच्यासाठी असते तो. मालकाची खूण दुसऱ्या बाजूले राह्यते. माह्या हाताले सवय होती, म्हून मारला. पोट्टीनं नुसता आकडा मांगतला होता. चूक माही हाये."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "बरं. मोर मालकाचा नाही. पटलं. मग तुमच्या घरांवर मालकाची खूण कोणती?"

आणि पुन्हा सगळं गेलं. कागद? कागद कोणाकडे होता? नत्थूजींच्या बापाने विहीर खोदली तेव्हा कोणी पावती दिली होती? लहानूजी टोपी चुरगाळत उभा राहिला. कोकिळाला हुंदका आला आणि त्या हुंदक्यातूनच ती ओरडली, अगदी घरच्या बोलीत, भाषण-बिषण विसरून.

"दुसऱ्या बाजूनं पाहा न जी! तुमी भिंती बाहेरूनच पाह्यल्या! आत या. आत आमी हावो!"

कोणी हसलं नाही. साहेब उठले. "नाला किती लांब आहे?"

*

त्या दिवशी अर्धं खैरघाट पहिल्यांदा नाला ओलांडून गेलं. बबनराव काठावर थोडे घुटमळले. साहेब पलीकडे गेलेले पाहून तेही उतरले.

साहेब घरोघर वाकून आत गेले. कोणती खोली कधी बांधली, कोण कुठे जन्मलं, भिंतीत कोणत्या साली कूड घातला, लोक सांगत होते, एकावर एक बोलत होते. नत्थूजींनी विहिरीचा पहिला दगड दाखवला. साहेबांनी सोबत आणलेला नकाशा बाजेवर पसरला आणि पेन्सिलीने चौकोन काढायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. कोकिळा मोजत होती. एक्केचाळीसला ते थांबले. पण चौकोन सगळे हिरव्या बगीच्यात पडले होते, आणि सतरा नंबर बरोबर 'कारंजे' या अक्षरांवर.

"आता यातलं एक खोडावं लागेल," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. "बबनराव, वही."

बबनरावांनी वही उघडली. "कारंज्याच्या बाजूनं त्रेसष्ट सूचना हायेत साहेब. गावाले कारंजं पाह्यजेच म्हणते. पहिली सूचना वाचू का?" ते कोकिळाकडे पाहत होते. " 'कारंजे फार उंच असावे, म्हणजे स्टेशनावरून दिसेल. कोकिळा लहानूजी थूल, इयत्ता नववी.' "

सगळी वस्ती तिच्याकडे वळली. माय तिच्याकडे वळली. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. आठ दिवस ते तिच्या पोटात होतं, आणि आता ते बबनरावांच्या तोंडातून वस्तीच्या मधोमध येऊन पडलं. धरणी दुभंगावी असं पुस्तकात असतं. धरणी काही दुभंगली नाही. तिला उभंच राहावं लागलं.

"हो," ती म्हणाली. "म्याच लिहिलं. कुठं हाये ते पाह्यलं नव्हतं."

ऊन रणरणत होतं. साहेबांनी रुमालाने मान पुसली. "कोणी पाणी देतं का?"

मागे उभ्या असलेल्या पेठेतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. तानाबाईने काही पाहिलं नाही. तिने बादली उचलली, विहिरीवर गेली आणि दोर सोडला. दोर सुटत राहिला, सुटत राहिला, आणि मग खाली बादली दगडावर खणकन वाजली. तिने दोर हलवून हलवून बादली आडवी केली, पाणी आत येईपर्यंत वाट पाहिली, ओढली. बादलीत ओंजळभर गढूळ पाणी. तिने पदराची घडी घालून ते लोट्यात गाळलं आणि साहेबांपुढे धरलं.

साहेब प्यायले. लोटा परत देताना विहिरीत डोकावले.

"एवढंच पाणी?"

"चैत्रात एवढं तरी हाये जी. वैशाखात आमी वाटीनं भरतो."

साहेब वर पाहत राहिले, मग खाली, मग नकाशाकडे. कोकिळाला काय झालं कोण जाणे. डोळ्यातलं पाणी तसंच होतं आणि डोकं मात्र कचेरीतल्या त्या दिवसासारखं भरधाव सुटलं.

"साहेब, याच विहिरीवर कारंजं चालणार होतं न? नाई चालणार! पावसाळ्यात चार दिवस उडंल, मंग कोरडं. पाणी पाह्यजे तर बॉयलरपाशी हाये. प्रेसचा हौद हाये तिथं, उंच, लोखंडी. वेणेपासून नळ टाकेल हाये त्याले. बाबा, हाये न?"

"हाये," लहानूजी म्हणाला. "बॉयलरले बारा महिने पाणी पुरे. हौद चार पुरुष उंच हाये."

"मंग पाणी आपल्याआप वर उडंल. स्टेशनावरून दिसंल. माही सूचना तशीच राहू द्या, जागा तेवढी बदला."

अण्णाजी शेट म्हणाले, "पोरगी बरोबर बोलते. अन् बॉयलर बाजाराच्या बाजूले हाये. दुकानासमोर कारंजं आलं तर कोण नाई म्हणते?"

साहेबांनी खिशातून रबर काढलं. खूप वेळ नुसतंच बोटात फिरवलं. कोकिळाचा जीव त्या रबरात अडकला होता. मग त्यांनी नाल्यापलीकडची अक्षरं खोडायला सुरुवात केली. निळ्या कागदावरचं काही पूर्ण जात नव्हतं, नुसतं पुसट झालं. त्याच्यावर त्यांनी चौकोन गडद केले आणि बॉयलरपाशी नवा गोल काढला. तानाबाईने बाजेवरचा रबराचा चुरा हाताने गोळा केला आणि नाल्यात नेऊन टाकला.

"हे पेन्सिलीचं आहे," साहेब नकाशा गुंडाळताना म्हणाले. "मी सांगेन. पण शाई माझ्या हातात नाही. शाई नागपुरात."

"कधी जी?" नत्थूजींनी विचारलं.

"पावसाळ्यानंतर कळेल."

कोकिळाने वही मागितली. पेन्सिलीची दोरी आखूड होती, म्हणून बबनरावांना शेजारी उभं राहावं लागलं. आपल्या जुन्या ओळीखाली तिने लिहिलं, 'कारंजे बॉयलरपाशी. येथे एक्केचाळीस घरे आहेत.' या खेपेला तिचं अक्षर वळणदार आलं नाही.

*

पाऊस आला आणि गेला. नागपूरहून काही आलं नाही. रोज कोणीतरी कचेरीच्या भिंतीकडे पाहून येई. भिंतीला नुसते खिळे.

भिंती लिंपायचे दिवस आले तेव्हा तानाबाईने माती कालवली आणि आधी मोर लिंपला. पिसारा गेला, मान गेली, तुरा गेला. आकड्यापाशी आल्यावर तिने हात आवरला आणि '१' तेवढा मोकळा ठेवला. वस्तीत बाकीच्या बायकांनीही तसंच केलं.

लहानूजी दारात उभा राहून पाहत होता. त्याला ते काही बघवेना.

"मार्क्याबिगर आकडा," तो म्हणाला. "बेवारस दिसते वं."

"बेवारस कायले?" तानाबाई म्हणाली. चिखलाचे हात तिने पुढे केले. "मी उभी हावो न इथं. कोकिळे, पाणी आण."